नवोदयला नंबर लागला नाही, आता लेकीशी काय बोलू?

*ताई, आम्ही निफाड तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आहे, कुटुंब एकत्र आहे. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. तिने आणि माझ्या जाऊबाईंच्या मुलाने नवोदयची, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा बरोबरच दिली. चौथीपासून दोघं एकाच क्लासला, एकाच गाडीवर जायची. निकालात त्याचा नंबर लागला, हिचा नाही. त्या दिवशी बागेत माल तोडणं चालू होतं, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. जाऊबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. हिने पेढा घेतला, आत गेली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून परत डब्यात ठेवला. तेव्हापासून धड बोलत नाही. ‘मी ढ आहे, पप्पांचे पैसे वाया घालवले’ म्हणते. वार्षिक परीक्षा तोंडावर आली तरी पुस्तक उघडत नाही. सासूबाईंनी सप्तशृंगीला नवस केला होता, त्या म्हणतात देवीच्याच मनात नव्हतं. मिस्टर म्हणतात, रडून काय होणार, पुढच्या परीक्षेला बसवू. नंबर लागणारच म्हणून आम्ही तिच्यासाठी पेटीसुद्धा आणून ठेवली होती, ती माळ्यावर पडून आहे. ओळखीतले एक जण म्हणतात वेटिंगमधून काम होईल, थोडा खर्च करावा लागेल. मी तिला काय सांगू?*

*— एक आई*

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या पेढ्याजवळ मी बराच वेळ थांबले. अकरा वर्षांची पोर. तिला तो गिळवला नसता, पण काकूच्या हातून घ्यायला तिने नकार दिला नाही. चारचौघांत रडली नाही, तोंड फिरवलं नाही. आत जाऊन गुपचूप ठेवून आली. एवढं भान मोठ्यांनाही राहत नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि तिला त्यावरून काही बोलला नाहीत, हेही चांगलं झालं.

आधी त्या ओळखीच्या माणसाचं बघू, कारण ते थांबून चालणार नाही. त्यांना आजच नाही म्हणून सांगा. नवोदयला पैसे भरून मिळणारी जागा नसते, मॅनेजमेंट कोटा नसतो, ‘वरून’ काही होत नाही. निवड झालेल्यांपैकी कुणी प्रवेश घेतला नाही, किंवा कागदपत्रांत कुणी बाद झालं, तर त्या रिकाम्या जागांसाठी गुणांप्रमाणे पुढची यादी लागते. तुमच्या मुलीचं नाव त्यात यायचं असेल तर एक रुपया न देता येईल, आणि यायचं नसेल तर लाख रुपये देऊनही येणार नाही. पैसे जातील ते जातीलच, पण घरात पुन्हा कुजबुज सुरू होईल, लेकीला वास लागेल आणि ती पुन्हा आशेला लागेल. पुढच्या यादीवर तुम्ही लक्ष ठेवा. तिला मात्र एकदाच खरं सांगा: ‘अजून एखादी यादी लागू शकते, पण तिची वाट बघत आपण बसायचं नाही. काही आलं तर मी सांगेन.’ त्यानंतर रोज मोबाइल उघडून ‘आलं का काही’ असं तिच्यासमोर विचारू नका.

आता ‘मी ढ आहे’ या बोलण्याचं. ‘नाही गं, तू हुशार आहेस’ असं उत्तर तुम्ही दिलंच असेल, आणि त्याचा उपयोग झाला नसेल. होणारही नाही, कारण तिच्याकडे निकालाचा पुरावा आहे आणि तुमच्याकडे फक्त माया. तिला परीक्षाच समजावून सांगा. परीक्षा तिने दिली, पण निवड कशी होते हे बहुतेक मुलांना कुणी सांगतच नाही.

एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. आपल्या जिल्ह्याचं विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. जिल्ह्यात तालुके १५. सुरगाणा, पेठपासून येवला, नांदगावपर्यंतची पाचवीची हजारो मुलं त्या ८० जागांसाठी बसतात. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय प्रवर्गाप्रमाणे आरक्षण. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा शोधा. उरलेल्यांत २० प्रश्न अंकगणिताचे आणि २० भाषेचे. हे एका कागदावर तिच्यासमोर मांडा. ८० चा आकडा लिहा आणि तालुक्यांची नावं तिलाच लिहायला लावा. ती पंधरा नावं लिहून झाली की तिचं तिलाच दिसेल की या यादीबाहेर राहिलेली मुलं किती आहेत, आणि ती सगळी ढ असणं शक्य नाही. कुणाचा एखादा प्रश्न चुकला असेल, कुणाचा वेळ पुरला नसेल. ‘ढ’ कोण हे तपासणारा प्रश्न त्या पेपरात नव्हता.

आणि मिस्टरांना सांगा की सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते, दुसऱ्यांदा बसताच येत नाही. नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी निवड परीक्षा असते. जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत आठवीत शिकणाऱ्यांना ती देता येते, आणि तिला गणित, विज्ञान, इंग्रजी, हिंदी असे विषय असतात. पण जागा मोजक्याच असतात. ती वाट आहे हे तुम्हाला ठाऊक असू द्या. आज तिच्यापुढे ठेवू नका. अजून पाचवी संपायची आहे, आणि आजच ‘नववीला बघू’ म्हटलं तर पुढची तीन वर्षंही गेली दोन वर्षं गेली तशीच जातील.

तुम्ही विचारलंत, तिला काय सांगू. मला वाटतं सांगण्याआधी विचारायचं आहे. आपण धरून चाललोय की तिची शाळा हुकली म्हणून ती रडतेय. शाळा तर हुकलीच, पण तिच्यासोबत आणखी काय काय गेलं हे ती आपणहून सांगणार नाही, आणि ते कळेपर्यंत आपली सगळी समजूत भलतीकडेच जाईल.

प्रश्न साधा आहे: ‘नवोदयला गेल्यावर तू काय काय करणार होतीस?’ समोर बसवून विचारू नका. या वयाची मुलं समोरासमोर बसवली की मान खाली घालतात. वेणी घालताना विचारा, मेथी निवडताना विचारा, पिंपळगावला गाडीवर मागे बसवून नेताना विचारा. विचारून गप्प राहा. पहिल्यांदा ती ‘काही नाही’ म्हणेल. तरी तुम्ही मेथी निवडत राहा.

उत्तर काय येईल हे मी इथून सांगू शकत नाही, पण वर्गशिक्षिका म्हणून या वयाच्या मुलामुलींमध्ये माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा काय येऊ शकतं याचा अंदाज आहे.

ती म्हणेल, ‘दादासोबत जाणार होते.’ तुमच्या पत्रात एक ओळ आहे, चौथीपासून दोघं एकाच गाडीवर. दोन वर्षं ही दोघं जोडीनं वावरली. आता जूनमध्ये तो खेडगावला जाईल आणि ही घरी राहील. म्हणजे शाळा हुकली त्याच दिवशी तिचा सवंगडीही जायचा ठरला, आणि त्या दुसऱ्या दुःखाबद्दल घरात कुणी बोललंच नाही, कारण ते पेढ्यांचं निमित्त होतं. असं असेल तर ‘तुलाही चांगली शाळा मिळेल’ याने तिचं समाधान होणार नाही. ‘दादाला भेटायला आपण जाऊ, भेटीच्या दिवशी तू येशील’ याने थोडं होईल.

ती म्हणेल, ‘तिथे मोठं ग्राउंड आहे, लायब्ररी आहे.’ मग ग्राउंड आणि पुस्तकं कुठे मिळतील ते शोधायचं. हे काम हाताने करता येण्यासारखं आहे.

किंवा ती असं काही म्हणेल जे ऐकायला जड जाईल, आणि त्याविषयी मला जरा जास्त लिहायचं आहे. दोन वर्षं ‘तिचा नवोदयचा अभ्यास चालू आहे’ म्हणून घरात तिला काय काय माफ होतं? भांडी? केर? धाकट्याला सांभाळणं? पाहुणे आले की चहा नेऊन देणं? आणि निकाल लागल्यानंतर? पुढच्याच दिवशी कुणी सहज म्हणालं का, ‘आता काय, जरा हाताखाली ये’? कुणाचा वाईट हेतू नसतो. माल तोडायचे दिवस, घरात बायकांना श्वास घ्यायला वेळ नाही, आणि एक हात मोकळा झाला. पण तिच्या बाजूने पाहा. निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत ती या घरातली ‘नवोदयची तयारी करणारी’ होती. आजी तिला दूध आधी द्यायची, बाबा टीव्हीचा आवाज कमी करायचे. दुसऱ्या दिवशी ती नुसती घरातली मुलगी झाली. चुलतभावाचा नंबर लागला नसता तर त्याला कुणी भांडी घासायला सांगितली असती का? तिला हा प्रश्न शब्दांत मांडता येत नसेल, पण पडलेला असू शकतो. मुलींच्या बाबतीत तो बऱ्याचदा पडतो आणि कुणी विचारत नाही.

म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे की तिचा अभ्यासाचा तास काढून घेऊ नका. तिने त्या तासात पुस्तक उघडलं नाही तरी चालेल, चित्र काढू दे, पडून राहू दे, पण तो तास तिचा राहू दे. बसायची जागाही तिचीच राहू दे. नवोदयच्या गाइडांचा गठ्ठा तिला विचारल्याशिवाय उचलू नका, रद्दीत तर नकोच. कामं घरातल्या सगळ्या मुलांना वयाप्रमाणे असावीत, तिलाही असावीत, पण ती निकालाची शिक्षा म्हणून अंगावर आली असं तिला वाटता कामा नये. दोन-तीन महिने जाऊ द्या, मग वाटणी करा, आणि मुलग्यांनाही त्यात धरा.

आता पैसे. ‘पप्पांचे पैसे वाया घालवले’ हे तिचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. अकराव्या वर्षी हे शब्द तिने कुठून तरी ऐकलेले असणार. थेट तिला कुणी बोललं नसेलही. बागायतदाराच्या घरात या दिवसांत पैशाशिवाय दुसरं बोलणं नसतं: भाव पडला, औषधांची उधारी, व्यापाऱ्याचा चेक. ती हे सगळं ऐकते आणि क्लासची फी त्या हिशोबात आपणहून जोडते. यावर तुम्ही कितीही बोललात तरी पुरणार नाही, हे तिच्या पप्पांनीच बोललं पाहिजे. भाषण नको. ‘फी मी भरली, ते माझं काम होतं. तुझं काम अभ्यास करायचं होतं, ते तू केलंस. पैशाचा हिशोब माझ्याकडे, तू नाही ठेवायचा.’ एवढं बोलले तरी पुष्कळ. एरवी फार न बोलणाऱ्या बापाने एकदा जवळ बसवून असं म्हटलं तर ते मुलीच्या कायमचं लक्षात राहतं. ‘रडून काय होणार’ असं म्हणणाऱ्या माणसालाही बहुतेक वेळा स्वतःलाच वाईट वाटत असतं आणि ते कुठे ठेवायचं हे कळत नसतं. तुम्ही त्यांना या पत्रातलं एवढं वाचून दाखवा.

त्यांना नुकसान वाटणंही साहजिक आहे. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं तिथे सरकार करतं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात हीच कल्पना होती की गावाकडच्या हुशार मुलांना पैशावाचून चांगलं शिक्षण मिळावं. पहिल्या दोन शाळांपैकी एक १९८५-८६ साली आपल्याच राज्यात अमरावतीला निघाली. ती हवीशी वाटण्यासारखी शाळा आहे, म्हणूनच तिच्यासमोर ‘तिथे काय एवढं आहे’, ‘बरं झालं, होस्टेलचं जेवण कुठे आवडतं’ असं कुणी बोलू नये. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे द्राक्षाच्या गावातल्या पोरीला घरच्यांनी शिकवू नये. चांगली गोष्ट हुकली, वाईट वाटणारच, असं सरळ म्हणावं.

सासूबाईंचं बोलणं. ‘देवीच्या मनात नव्हतं’ हे त्या स्वतःच्या समाधानासाठी म्हणतात, त्यांच्या पिढीला त्याने धीर येतो. पण लेकीच्या कानाला ते वेगळं लागतं: परीक्षेत नाकारलं ते नाकारलं, वर देवीनेही नाकारलं. आजीला हे रागावून सांगायचं कारण नाही. तुम्ही त्यांना म्हणा, ‘आत्या, तुम्ही तिला गडावर घेऊन जा.’ चैत्रात सप्तशृंगगडावर यात्रा भरते, खानदेशातून माणसं पायी येतात, रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत वणीची वाट माणसांनी भरून जाते. गर्दीत नको वाटलं तर यात्रा उतरल्यावर जा. नवस फेडायला नाही आणि नवा नवस करायलाही नाही. आजीने नातीला घेऊन दर्शनाला जायचं, येताना तिला काय खावंसं वाटेल ते खायचं. देवीशी तिचं काही बिनसलेलं नाही हे आजीच्या सोबतीने गडावर गेल्यावर तिला कळेल, ते समजावून सांगावं लागणार नाही.

जाऊबाईंविषयी तुम्ही पत्रात एकही कडू शब्द लिहिलेला नाही. पेढे वाटायचेच होते त्यांनी, त्यांच्याही मुलाने दोन वर्षं घासली आहेत. पण एकदा दोघींनी स्वयंपाकघरात मनमोकळं बोलून घ्या. मला वाटतं दोन गोष्टी त्यांच्याकडे मागाव्यात. एक, पाहुण्यांसमोर दोघांची नावं एका वाक्यात येऊ नयेत. ‘याचा लागला, हिचा थोडक्यात गेला’ हे कौतुकाने म्हटलं तरी तिला ते प्रत्येक वेळी नव्याने लागतं. दुसरी गोष्ट पेटीची.

पेटीचं मी मुद्दाम वेगळं लिहिते. जून जवळ आला की पुतण्याची तयारी सुरू होईल: पेटी, कुलूप, बादली, गादी, नाव घातलेले कपडे. आणि घरातलं कुणी तरी अगदी व्यवहाराने म्हणेल, ‘नवी कशाला आणायची, माळ्यावर एक आहे ना.’ कृपा करून ती पेटी तिला न विचारता खाली काढू नका. ती तिच्यासाठी आणलेली आहे. परीक्षा हुकली म्हणून तिची वस्तू आपोआप दुसऱ्याची होत नाही. काही दिवसांनी, ती जरा सावरली की, तुम्हीच विषय काढा: ‘तुझी पेटी वर आहे. तुला तिचं काय करायचंय?’ कदाचित ती म्हणेल दादाला द्या, आणि स्वतःच्या हाताने देईल. कदाचित म्हणेल मला चित्रांचं सामान ठेवायला हवी. कदाचित म्हणेल दुकानात परत देऊन या. तिन्ही उत्तरं ठीक आहेत. गेल्या काही दिवसांत तिच्या बाबतीतलं सगळं दुसऱ्या कुणी तरी ठरवलं आहे, निदान पेटीचं तरी तिने ठरवावं.

पुतण्याकडेही लक्ष असू द्या, तुम्ही त्याची काकू आहात. तो अकरा वर्षांचा आहे, पहिल्यांदा घर सोडणार आहे, आणि जिच्यासोबत जायचं ठरवलं होतं ती येणार नाही. आनंद दाखवावा की नाही याचंही त्याला ओझं झालं असेल. दोघांना एकत्र खेळायला मोकळं सोडा, आपण मध्ये पडायला नको. ‘त्याचं अभिनंदन कर’ असं तिच्यामागे लागू नका. ती करेल तेव्हा मनापासून करेल.

वार्षिक परीक्षेचं तुम्ही काळजीने लिहिलं आहे. तिच्या वर्गशिक्षकांना जाऊन भेटा आणि घरात काय झालं ते सांगा. गावच्या शाळेत त्यांना निकाल माहीत असतोच, पण ती पुस्तक उघडत नाही हे माहीत नसतं. घरी रोज अर्धा तास तिच्याजवळ बसा, तुमचं काही काम घेऊन. सोप्या विषयापासून सुरुवात करा, जे तिला आधीच येतं त्यापासून. या परीक्षेत पहिला नंबर काढून ‘दाखव’ असं काही म्हणू नका. आता कुणालाही काही दाखवायचं नाहीये.

आणि शाबासकी देताना थोडं जपा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे, तोही पाचवीच्याच मुलांवरचा. आकृत्यांची कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू फार हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू फार मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यांत सगळीच अडली. त्यानंतर ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर हात टेकायला लागली, आणि पुन्हा सोपी कोडी दिली तरी आधीपेक्षा कमी सोडवू शकली. ‘मेहनत’ ऐकलेली मुलं टिकून राहिली. ‘हुशार’ म्हणवून घेतलेल्या मुलाला अपयश आलं की उरलेला निष्कर्ष एकच असतो: म्हणजे मी हुशार नव्हतोच. तुमच्या लेकीचं ‘मी ढ आहे’ तिथूनच आलेलं असू शकतं, कारण दोन वर्षं सगळ्या गावाने तिला हुशार म्हटलं असणार. तेव्हा आता काय केलंस त्याचं नाव घ्या: ‘हे उदाहरण तू दोनदा पुसून पुन्हा केलंस, मी पाहिलं.’ पाहिलेलंच सांगा, नसलेलं नको. मुलं लगेच ओळखतात.

‘तुझी मेहनत वाया गेली नाही, स्कॉलरशिपला उपयोगी पडेल’ हे खरं असलं तरी इतक्यात म्हणू नका. आज ऐकलं तर तिला एवढंच कळेल की पुढचा क्लास ठरला. शिष्यवृत्ती आहे, सहावीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तिच्यात निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, फक्त शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. हे सगळं तुमच्या वहीत लिहून ठेवा आणि दिवाळीपर्यंत वही मिटून ठेवा. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतची, किंवा आणखी कुणाची, हरून जिंकल्याची गोष्टही आता नको. त्या गोष्टी खऱ्या आहेत, मलाही आवडतात, पण रडणाऱ्या मुलीला त्या ऐकवल्या की ‘तू अजून रडतेसच का’ असा त्यांचा अर्थ होतो.

एक काळजीचं. पहिले पंधरा-वीस दिवस चिडचिड, धाकट्यावर राग, पोटात दुखतं म्हणून शाळा टाळणं, हे होऊ शकतं आणि हळूहळू ओसरतं. पण महिना होत आला तरी जेवण तुटलेलं, झोप लागत नाही, मैत्रिणी आल्या तरी बाहेर येत नाही असं असेल तर नाशिकला बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. आणि ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काहीही बोलली तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ आहेच. ‘लहान आहे, बोलते काहीही’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

तुमचं स्वतःचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. थंडीत पहाटे उठून डबा करणाऱ्या तुम्ही, आकृत्या समजत नसताना तिच्यासोबत बसणाऱ्या तुम्हीच असाल. तुम्हालाही वाईट वाटलं असेल, जावेच्या पेढ्याला हात पुढे करताना गळा दाटला असेल. ते बहिणीजवळ बोला, माहेरी फोन करून बोला, मिस्टरांजवळ रात्री बोला. लेक जवळ असताना फोनवर कुणाला ‘थोडक्यात गेलं हो’ सांगत बसू नका. ती दुसऱ्या खोलीतून सगळं ऐकत असते.

राहिली पुढची शाळा. हे काम मे महिन्यातच उरकून घ्या. तिला सोबत घेऊन जवळची दोन-तीन हायस्कूलं बघून या. सुट्टीत वर्ग बंद असले तरी मैदान दिसतं, प्रयोगशाळा दिसते, लायब्ररीत पुस्तकं किती आणि कुलपात किती ते कळतं, मुलींसाठी स्वच्छतागृह कसं आहे ते तर बघाच. तिने जी उत्तरं तुम्हाला मेथी निवडताना दिली असतील ती लक्षात ठेवून शाळा बघा. तिला ग्राउंड हवं होतं तर ग्राउंड असलेली शाळा चार किलोमीटर लांब असली तरी चालेल. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो, त्याची चौकशी शाळेतच करा. गाडीची वेळ आणि गर्दी मात्र एकदा तिच्यासोबत प्रत्यक्ष जाऊन-येऊन बघा. आणि दोन शाळा सारख्याच वाटल्या तर निवड तिला करू द्या.

वेणी घालताना ती काय म्हणाली ते मला कळवा. त्यावरून पुढचं बोलू.